उडी मारून कसलेले नट

आर्णी,
९ डिसेंबर २००७

प्रिय नागो,

सलाम, अन् जय भीम. पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच ठेवून दिलं असतं, म्हणून पत्ता पोरीकडून, कशफकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहे तर शेवटपर्यंत वाच. मध्येच शिव्या आठवल्या तर तिथंच थांब, मनसोक्त देऊन घे, अन् मग पुढं सरक. साडेतीन वर्षांत मी तुले एक ओळ लिहिली नाही. शाळेत माझे निबंध तूच लिहून देत होता, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नको, ती जबाबदारी तुझीच होती.

मागच्या महिन्यात रामलाल पुण्याहून आला. आपला चहावाला रामलाल, भाच्याच्या लग्नाले गेलता. त्यानं सांगितलं की तू चाकणकडच्या एका कारखान्याच्या गेटवर निळा शर्ट घालून बसतो अन् येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहितो. आत पंधरा लेथ आहेत म्हणे, अन् तू गेटवर! त्यानं काहून म्हणून विचारलं तर तू आपले तळवे उलटेसुलटे करून पाह्यले अन् म्हणाला, आता हाताचा भरवसा राह्यला नाही, वाकडं काम जाते माझ्याकडून. रामलाल हे सांगत होता तेव्हा मी गॅरेजच्या ओट्यावर बसलो होतो. चहा हातात होता, तो पिणं झालंच नाही. साऱ्या जिल्ह्यात ज्याच्या तोडीचा लेथवरचा टर्नर नाही तो माणूस नंबर लिहून राह्यला! पहिल्यांदा तुझाच राग आला, खरं सांगतो. मग कोणाचा आला ते पुढं येईन. हे पत्र तुझ्या हाताबद्दलच आहे, पण मले सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुले चांगलं माहीत आहे.

आधी इकडची खबर. कापसाचे हाल तू पेपरात वाचतच असशीन. पेपरवाल्यांच्या गाड्याच या दोन वर्षांत माझ्याकडे जास्त आल्या. कॅमेरेवाले, सर्व्हेवाले, मुंबई-दिल्लीचे साहेब लोक. आपल्या रस्त्यांनी त्यांच्या गाड्यांचे बॉल जॉइंट खाल्ले की त्याईले कय्युम मिस्त्री आठवतो. गावचे जीपवाले मात्र अर्धे कमी झाले. ज्या जिनिंगचे रोलर तू फिरवून देत होता तिथं आता कुलूप आहे, आवारात बकऱ्या चरतात. कशफच्या अम्मीचे, रौशनचे गुडघे दुखतात, पण तोंड शाबूत आहे, ती रोज एकदा तरी तुझं नाव काढते अन् माझ्याकडे पाहते.

अन् कशफ! तू गेला तेव्हा ही पोट्टी नुकतीच बारावी देऊन बसली होती, ओढणी सावरत तुझ्या लेथजवळ उभी राहून कीस कसा निघतो ते पाहत बसायची. त्याच वर्षी यवतमाळच्या आयटीआयले गेली अन् मोटार मेकॅनिकचं सर्टिफिकेट घेऊन आली. त्या वर्गात एकटी पोट्टी. कुणी काही म्हटलं तर मले सांगत नव्हती, पुढच्या दिवशी जाऊन त्याच्याआधी इंजिन खोलून ठेवत होती. आता सलवारवर माझा जुना खाकी शर्ट घालून गॅरेजमध्ये उभी राहते. सुरुवातीले गिऱ्हाईक तिच्या डोक्यावरून आत पाहायचे, मिस्त्री कुठं आहे म्हणून. आता मलेच म्हणतात, चाचा तुम्ही बसा, ताईले पाहू द्या. मले राग यायले पाहिजे, पण छाती अशी फुगते गड्या, की शर्टाची बटणं सांभाळावी लागतात. खोटं कायले बोलू?

आता त्या गाडीकडे येतो. फुलसावंगीच्या पूनमसिंगची पांढरी जीप. नाव वाचूनच तुझा चेहरा बदलला असन. ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथर कापायचं, पाय काढला की शांत. अशा वेळी काय पाहायचं ते आपण दोघं झोपेतही सांगितलं असतं. गाडी वेगात असताना सारखीच थरथरते तर चाकाचं बॅलन्सिंग पाहा, अन् फक्त ब्रेक मारल्यावर थरथरते तर पुढच्या ब्रेकच्या लोखंडी चकत्या, म्हणजे डिस्क पाहा. डिस्क जराशी जरी वाकडी फिरत असली तरी प्रत्येक फेऱ्याले ती ब्रेक पॅडले धक्का देते, अन् तो धक्का सरळ ड्रायव्हरच्या मनगटात जातो. मी डिस्क काढायचो, तू लेथवर फिरवून सपाट करायचा, मी परत बसवायचो. गाडी लोण्यासारखी जायची. अन् महिन्याभरात पूनमसिंग पुन्हा दारात, थरथर पुन्हा तीच. असं तीनदा झालं.

तिसऱ्या वेळी माझ्या ओट्यावर काय झालं ते तुले सांगायची गरज नाही. पण लिहायची मले गरज आहे. पूनमसिंग आठ माणसांसमोर मले म्हणत होता, की कय्युम मिस्त्रीची मिस्त्रीगिरी संपली. अन् मी म्हणालो, की मिस्त्री काय करन, टर्नरचाच हात वाकडा पडला आहे, त्याच्याच्यानं आता सरळ काम होत नाही. तू तिथंच उभा होता. नलूवहिनी तुझा डबा घेऊन आलती, तीही तिथंच होती.  तू फडक्याले हात पुसले अन् आपल्या टिनाच्या शेडमध्ये गेला. पंधरा दिवसांनी शेडची किल्ली रौशनच्या हातात देऊन तू पुण्याची गाडी धरली. जिनिंगचं काम तेव्हाच बंद पडलं होतं. तुझी लेथ माझ्याकडच्या डिस्क अन् ड्रमवरच चालू होती. हे मले चांगलं माहीत होतं, नागो.

तुझ्यानंतरची गंमत ऐक. त्या जीपच्या डिस्क मी यवतमाळले पाठवल्या. महिन्यानं थरथर. दिग्रसले पाठवल्या. महिन्यानं थरथर. त्या दोघांचेही हात वाकडे आहेत असं मी गावभर सांगितलं. मग नागपूरहून कोऱ्या डिस्क मागवल्या, डब्यातून काढून बसवल्या. दीड महिन्यानं थरथर! तेव्हा तरी या मोठ्या डोक्यात उजेड पडावा की नाही? नाही पडला. मी पॅड बदलले, बेअरिंग बदलले, टायरॉड बदलला. काहीच उरलं नाही तेव्हा म्हणालो की पूनमसिंगचा पायच वाईट आहे, हा ब्रेकवर झोपतो. त्यावर त्यानं ओट्यापासून बसस्टँडपर्यंत जाता जाता मले आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत शिव्या दिल्या. मले अर्ध्याच कळल्या, पण तेवढ्या पुरल्या.

मग आलं चिकनगुनियाचं वर्ष. तिकडं किती होता माहीत नाही, इकडं अख्खी आर्णी लंगडत होती. मी असा पडलो की पेला उचलता येईना, पान्याचं तर नावच सोड. तीन आठवडे कशफनं एकटीनं गॅरेज चालवलं. त्यानंतरही सहा महिने माझे गुडघे उडी मारायच्या लायकीचे नव्हते.

माझी उडी तू विसरला नसशीन. कोण विसरन? चाक बसवलं की पान्याले चार फुटी पाईप लावायचा, जीपचा कठडा धरून त्या पाईपवर चढायचं, अन् साऱ्या अंगानिशी उडी. नट कुईं करेपर्यंत. एकेका नटाले एक उडी. रामलाल मोजायचा, रिकामी माणसं बघायले जमायची. महागावचे ड्रायव्हर म्हणत, चाकाले कय्युमची उडी लागली की ते कयामतपर्यंत निघत नाही. जिल्ह्यात मिस्त्री पुष्कळ, उडी माझी एकट्याची होती. मले वाटायचं, मी मेल्यावर लोक हीच आठवण काढतील.

कशफचं वजन बेचाळीस किलो. ती काय उडी मारणार? ती हातानंच कसायची. एक नट इकडचा, मग त्याच्या बरोबर समोरचा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा. पहिल्यांदा हलके, दुसऱ्या फेरीत पक्के. पाईप नाही, काही नाही. मी आतून बाजेवरून ओरडायचो, की उडी मार नाही तर चाक निघन, बापाचं नाव जाईन. ती हाव अब्बा म्हणायची अन् आपल्या मनाचंच करायची.

या उन्हाळ्यात गुडघे बरे झाले अन् मी पुन्हा पाईपवर चढलो. भल्ला खूश होतो. पावसाळा लागेपर्यंत ब्रेकच्या थरथरीच्या तीन गाड्या परत आल्या, चौथी पूनमसिंगची. एका दुपारी जेवताना कशफनं हळूच विषय काढला. म्हणाली, अब्बा, तुम्ही आजारी होते तेव्हा मी अकरा गाड्यांची चाकं बसवली, त्यातली एकही या कामासाठी परत आली नाही. ज्या आल्या त्या साऱ्या तुमच्या उडीच्या. मी ताट सरकवलं अन् उठलो. तोंडाले आलं ते बोललो, आयटीआयच्या पुस्तकांपासून तिच्या मास्तरांच्या खानदानापर्यंत. दोन दिवस पोरीशी बोललो नाही.  तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, की भांडायचं कायले, करून पाहू.

पूनमसिंगच्या दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच टर्नरकडून फिरवून आणल्या. उजवं चाक मी बसवलं, उडी मारून. डावं तिनं, हातानं. पूनमसिंगले सांगितलं, की पाच आठवडे जीप जशी चालवतो तशीच चालव. ते पाच आठवडे मी कसे काढले ते रौशनले विचार. कशफ हरावी असं वाटायचं, अन् ती हरली तर तिचं तोंड उतरन म्हणून ती जिंकावी असंही वाटायचं. बाप होणं अवघड काम आहे बावा.

ऑगस्टमध्ये जीप जॅकवर चढवली, दोन्ही चाकं काढली. कशफनं खडू एका लोखंडी स्टँडले बांधला अन् डिस्कच्या तोंडाशी असा लावला की जेमतेम टेकन. डावी डिस्क फिरवली. खडूची रेघ सगळीकडं सारखी, पूर्ण गोल. मग उजवी. खडू एका बाजूले घासला, पुढं सुटला, अन् पुन्हा तिथंच घासला. मी फडक्यानं पुसून स्वतः फिरवली. चार वेळा फिरवली. चारही वेळा तेच. पोरीनं मग समजावून सांगितलं, हळू आवाजात, लोकाईले ऐकू जाऊ नये असं. चाकाचे नट प्रमाणाबाहेर अन् कमी-जास्त कसले की ते चाकामागच्या डिस्कले एका अंगाले ओढून धरतात. त्यात ब्रेकनं ती तापते, थंड होते, पुन्हा तापते, अन् तशीच वाकडी बसते. म्हणजे यवतमाळवाल्याचा हात बरा होता. दिग्रसवाल्याचाही. नागपूरची कोरी डिस्कही बरी होती. मी उडी मारून मारून ती वाकडी करत होतो.

मी उडी कायले मारायले लागलो ते जगात तुलेच माहीत आहे. केळापूरच्या यात्रेहून आपण गिऱ्हाइकाची ती हिरवी जीप घेऊन येत होतो, अन् पुढचं चाक निघून आपल्या पुढंच पळालं, सरळ कापसाच्या वावरात. मोतीबाई नावाची ती म्हातारी वेचणी सोडून चाक लोटत लोटत रस्त्यावर घेऊन आली अन् आपल्याले म्हणाली, की मेल्याहो, गाडी चालवता की चाकं पेरता? आपण मेलो नाही हे नशीब. गप्पा मारता मारता मी नट कसायचेच विसरलो होतो. मालकानं विचारलं तेव्हा तू पुढं होऊन म्हणाला, की नटांचे आटे झिजले होते, मिस्त्रीची काही चूक नाही. नलूवहिनीलेही तू खरं सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी पाईपवर चढायले लागलो, अन् माझ्या भीतीले लोक माझी कला म्हणायले लागले. तू सारं जाणून होता अन् एकदाही हसला नाही.

जीपले आता चांगल्या डिस्क पाहिजे होत्या. कशफनं रौशनकडून तुझ्या शेडची किल्ली मागून घेतली, जुना एखादा जोड मिळतो का पाहायले. लेथ जशी झाकून ठेवली तशीच आहे. खालच्या फळीवर तिले पेपरात गुंडाळलेला एक जोड सापडला, वरून ग्रीस थापलेलं. पेपर तू गेला त्याच आठवड्याचा होता, अन् त्यावर पेन्सिलीनं तुझं अक्षर: पूनमसिंग, डावी. पूनमसिंग, उजवी. नागो, मी तुले तसं बोलल्यावर त्या पंधरा दिवसांत तू कुठून तरी दुसऱ्या डिस्क मिळवून त्याच जीपसाठी चौथा जोड फिरवला होता! अन् कोणाले न सांगता ठेवून गेला!

कशफनं आयटीआयच्या सरांकडून डायल गेज मागून आणलं, डिस्क केसभर जरी वाकडी फिरली तरी ज्याचा काटा हलतो ते. ग्रीस पुसून तुझी डिस्क चढवली, फिरवली. काटा हलला नाही. दुसरी चढवली. काटा हलला नाही. सर स्वतः आलते पाहायले, त्याईनं चष्मा पुसून पुन्हा पाह्यलं अन् विचारलं की हे काम कोणत्या कारखान्याचं आहे. कशफ म्हणाली, कारखान्याचं नाही, आमच्या नागोचाचांच्या हातचं आहे. अशा ऐटीत म्हणाली की जसं तिनंच तुले शिकवलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं अन् मी डिझेलचं फडकं डोळ्याले लावलं, त्यानं आणखीच आलं. सप्टेंबरपासून तुझा जोड त्या जीपवर आहे, नट कशफच्या हातचे. तीन महिने झाले. पूनमसिंग बाजाराच्या दिवशी भरधाव येतो, माझ्या ओट्यासमोर ब्रेक दाबतो, अन् स्टेअरिंगवर दोनच बोटं ठेवून मले दाखवतो. पाईप मी भंगारवाल्याले देऊन टाकला.

रामलालनं तुझा फोन नंबर आणला आहे. तरी फोन केला नाही. फोनवरचं तू एकट्यानं ऐकून घेतलं असतं अन् जाऊ दे म्हणून विषय संपवला असता, अन् नलूवहिनीपर्यंत ते पोचलंच नसतं. मी बोललो ते तिच्यासमोर. म्हणून हे लिहून देतो, खाली सही करून. तिले समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखव. मागच्या रविवारी पूनमसिंगले, रामलालले, त्या दिवशी जे जे होते त्या साऱ्याईले ओट्यावर बोलावलं अन् कशफच्या देखत सांगितलं, की खोट नागोरावच्या हातात नव्हती, माझ्या उडीत होती. पण एक गोष्ट त्याईलेही सांगितली नाही, ती तुम्हा दोघाईले सांगतो. तिसऱ्या वेळी डिस्क माझ्या हातात द्यायच्या आधी तू मले लेथजवळ नेऊन डायल लावून दाखवलं होतं. काटा हलला नव्हता. मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं होतं. खोट कोणाची ते तेव्हा कळत नव्हतं, पण तुझी नाही एवढं पक्कं ठाऊक होतं. पूनमसिंग ओरडत होता, लोक माझ्या तोंडाकडं पाहत होते, अन् मी तुझं नाव घेतलं, कारण तू उलटून बोलणार नाही याची खात्री होती. तू गेटवर बसला कारण तू माझ्यावर विश्वास ठेवला. उद्या सकाळी त्या साहेबाले सांग की मले लेथवर उभं राहायचं आहे. तुझा हात कधीच वाकडा नव्हता नागो, अन् हे मले त्या दिवशीही माहीत होतं.

तुझाच,
कय्युम